हौसाबायच्या गुडघ्यासाठी आळेफाट्याला

लोक प्रवासाला जातात ते लांब जातात. माझ्या सुनेची मावशी दुबईला जाऊन आली, तर तिथल्या उंच बिल्डिंगी सांगताना तिचं तोंड महिनाभर थांबलं नाही. मी गेले ती राजुरीहून डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत, तिथून आळेफाट्याला, तिथून मंचरला आणि परत वाडीला. जुन्नर आणि आंबेगाव, आपलेच दोन तालुके. पण जे बघून आले ते दुबईच्या मावशीनं काही बघितलं नसेल. आल्यापासून जी ती बाई दारात येऊन विचारते, "आक्का, खरं का वो ते?" प्रत्येकीला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाचं लिहूनच काढते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तर जरूर वाचावं, म्हणजे आमच्या वयाच्या सगळ्यांनीच.

वरची वाडी

आधी हौसाबाय कोण ते सांगते, नाहीतर पुढचं काही लागणार नाही.

हौसाबाय माझी मानलेली बहीण. ती डोंगरातली, भात आणि नाचणी करणाऱ्या घरातली. आम्ही मेंढरांमागची माणसं. आता राजुरीत कांदा आहे, ऊस आहे, गोठ्यात गाया आहेत, पण माझ्या बापाच्या वेळी दिवाळी झाली की मेंढरं कोकणाच्या वाटेला लागायची. वाटेत हौसाबायच्या बापाच्या खाचरात आमचा वाडा बसायचा. वाडा म्हणजे मेंढरं रात्रभर त्यांच्या शेतात बसवायची. लेंडीखत त्यांना, भात आम्हाला. अशाच एका मुक्कामाला माझ्या आईचे दिवस भरले. हौसाबायच्या आईनं बाळंतपण केलं आणि माझी नाळ हळदकुंकू वाहून त्यांच्याच खाचराच्या बांधात पुरली. बाप मेंढरं घेऊन पुढं गेला, आई बारसं होईस्तोवर तिथंच राहिली.

आमचं गाव रोज बदलायचं. पण हौसाबायची आई म्हणायची, "ही पोरगी हितलीच, हिची नाळ हितं हाय." दर दिवाळीला त्या बांधावर माझ्या नावाची एक पणती लागायची. तिची आई गेल्यावर ती पणती हौसाबाय लावत आली. ती बापाला एकुलती, नवरा घरजावई आलेला, म्हणून घर आणि खाचर तिच्याकडंच राहिलं. नवरा वारला. आता वाडीतल्या त्या घरात ती एकटी.

शिमगा झाला आणि दत्तूचा फोन आला. दत्तू हौसाबायचा मुलगा. मंचरला मार्केट यार्डात एका अडत्याकडं कामाला आहे, तिथंच दोन खोल्यांत राहतो.

"मावशी, तूच समजाव आईला. पावसाच्या आत तिला खाली आनतो. गुडगा पार गेलाय तिचा. चढनीवर पडली तर कुनाला कळायचं बी न्हाई."

म्हणून मी निघाले. डांबरी सडक जिथं संपते तिथून हौसाबायच्या घरापर्यंत खडकाची चढण आहे. पूर्वी मी ती डोक्यावर पाटी घेऊन चढायची. आता माझेही गुडघे करकरतात, बसत बसत वर गेले. हौसाबाय वर दगडावर बसून माझीच वाट बघत होती. उठली तशी मी बघितलं, तिचा उजवा पाय गुडघ्यापासून बाहेर वाकला होता. दिवाळीला आले होते तेव्हा असा नव्हता.

"काय बघतीस," ती म्हणाली. "पाय हाय. तुज्यासारकाच."

अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला. डोंगरात या दिवसांत सगळ्यांच्याच अंगणात तो असतो, व्यापारी येऊन घेऊन जातो. आमच्याकडं याच दिवसांत अंगणात कांदा असतो, वास नाकात जातो. इथं हिरड्याचा तुरट वास. जेवायला नाचणीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. मी घरून मासवडी नेली होती. तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली, बेसनाची. हौसाबायनं एक तोंडात टाकली आणि म्हणाली, "दरसाल आनतीस आन् दरसाल मी यात मासा हुडकती."

आणखी एक गोष्ट मला तिथं गेल्यावर दरवेळी नवल वाटते. चारी बाजूंनी जंगल, आणि ही बाई दार उघडं टाकून बसते. आमच्याकडं उसात बिबट्या, दिवस कलला की बाया एकट्या गोठ्यात जात नाहीत. मी तसं म्हणाले तर ती हसली. "आमचा वाघ तुमच्याकडं ऱ्हायला ग्येला. त्याला ऊस ग्वाड लागला."

दत्तू दुसऱ्या दिवशी वर आला. त्याचं आणि आईचं माझ्यासमोरच जुंपलं.

"माजं सगळं हितं हाय," हौसाबाय म्हणाली. "तुजी नाळ हितं, हिची नाळ हितं. मी तितं दोन खोल्यांत काय टीवी बघत बसू?"

"नाळ काय पानी भरून देनारे का तुला? आई, ही चढन न बसता चढून दाव. मंग मी पुन्ना बोलनार न्हाई."

तेव्हा मी मध्ये पडले. माझ्या सुनेनं मोबाईलवर दाखवलं होतं की आळेफाट्याला गुडघ्यांचा कॅम्प लागणार आहे. ऑपरेशन नाही, कापाकापी नाही, शरीर स्वतःच स्वतःला दुरुस्त करतं म्हणे. आमच्या गल्लीतल्या एका बाईनं मागं पुण्याला असं केलं होतं. तिचंच रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं आणि तिच्याच गुडघ्यात टोचलं. आता देवळापर्यंत चालत जाते.

हौसाबायनं ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "माजंच रगात माज्याच गुडग्यात? मंग इतकी वर्सं ते तितं काय करत व्हतं?"

पण तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं, ते मी बघितलं. तिनं लुगडं बदललं, हिरडा शेजारणीच्या हवाली केला आणि म्हणाली, "चल. चढन चढून दावती याला."

आळेफाटा

दत्तू कामावर मंचरला गेला, आम्ही दोघी आळेफाट्याला उतरलो. कॅम्प म्हणजे मला वाटलं दवाखाना असेल. तर ते फाट्यावरचं एक मंगल कार्यालय. आदल्या दिवशीचं लग्न उरकलेलं, स्टेजवर नवरानवरीच्या खुर्च्या तशाच, मागं झेंडूच्या माळा सुकत आलेल्या. ज्या हॉलमध्ये पंगती बसतात तिथं खुर्च्यांच्या रांगा आणि रांगांत सगळे गुडघे. कुणी आळ्याचं, कुणी राजुरीचं, कुणी निमगाव सावाचं. एक मुलगी माईकवरून नावं पुकारत होती. आहेर पुकारतात तसं.

आमच्या शेजारी निमगाव सावाचे एक पाव्हणे बसले होते, फेटा बांधलेले, काठी मांडीवर आडवी.

"आज्जे, यातली नवरी कंची?" त्यांनी हौसाबायला विचारलं.

"मीच की," हौसाबाय म्हणाली. "तुमी नवऱ्याकडचं का नवरीकडचं?"

"आमी जेवनाकडचं," पाव्हणे म्हणाले, आणि सगळी रांग हसली. एवढं हसून आम्ही आत गेलो हे मला नंतर फार लागलं.

डॉक्टर बाहेरगावचा, तरुण, कोट घातलेला, अत्तराचा वास दरवळत होता. बोलायला गोड. दोघींचे फोटो काढले, म्हणजे गुडघ्यांचे. ते दिव्यासमोर धरून बघितले. मला म्हणाला, "आजी, तुमचं अजून वंगण आहे. तुमच्या स्वतःच्या रक्तावर काम होईल." माझ्या दंडाला पट्टी बांधली, मोठी नळी भरून रक्त घेतलं आणि एका गोल मशीनमध्ये ठेवलं. झाकण लावलं, मशीन घुंई करून फिरायला लागलं.

ते बघून मला आमच्या गावातली दूध डेअरी आठवली. पूर्वी तिथं असंच मशीन होतं. दुधाच्या काचेच्या नळ्या त्यात लावून गरगर फिरवायचे, फॅट वेगळी व्हायची. मी हौसाबायला म्हणाले, "बग, माजी फॅट काढत्यात." ती म्हणाली, "कमी लागली तर परत पाठवत्याल."

मग डॉक्टर तिच्याकडं वळला. फोटो बघून त्यानं मान हलवली.

"आजी, तुमचं वंगण पूर्ण संपलंय. हाडावर हाड घासतंय. आणि तुमचं रक्तही आता तुमच्याच वयाचं. त्यात तेवढा जोर नाही. तुम्हाला ताज्या पेशी लागतील."

"त्यानं चढन चढाया यील?" हौसाबायनं एवढंच विचारलं.

"धावाल तुम्ही."

मी तिच्या तोंडाकडं बघत होते. ती 'हो' म्हणाली आणि कमरेच्या पिशवीतले पैसे मोजून दिले.

कोपऱ्यात दुधाच्या कॅनसारखी एक स्टीलची टाकी होती. मुलीनं हातमोजे घातले, झाकण काढलं, तर आतून पांढरा धूर बाहेर आला आणि जमिनीवर पसरला. मी खुर्चीवर पाय वर घेतले. इतका थंड धूर मी कधी बघितला नव्हता. त्यातून तिनं अंगठ्यापेक्षा लहान अशी एक बाटली काढली. डॉक्टरनं ती तळहातात धरून ऊब दिली, औषध सुईत ओढलं आणि हौसाबायच्या गुडघ्याच्या बाजूनं आत घातलं. हौसाबायनं तोंडातून आवाज काढला नाही. माझं मनगट मात्र असं धरलं की बांगडी वाकली.

सुई निघाली. ती जरा दम घेऊन म्हणाली, "डाक्टर, ते रगात नव्हतं. पांढरं व्हतं. कशाचं अवशीद हाय ते?"

डॉक्टर हातमोजे काढत होता. खुशीत होता. "आजी, हे सगळ्यात भारी. बाळाच्या नाळेतल्या पेशी आहेत या. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या. म्हणून तर जोर."

मला वाटलं, तो दुसरंच काही म्हणतोय. मी म्हणाले, "नाळ म्हंजे? आपली नाळ?"

"हो. बाळाची नाळ."

पुढचं बोलणं मला लांबून ऐकू येत होतं.

"कुनाच्या लेकराची?" हौसाबाय विचारत होती.

"ते आपल्याला माहीत नसतं. दवाखान्यात बाळंतपणं होतात, नाळ तशी फेकूनच देतात ना. तिचा उपयोग केला."

"फेकून देत्यात," हौसाबाय म्हणाली. हे तिनं विचारलं नाही, नुसतं परत म्हणाली. मग, "त्या लेकराचं गाव कंचं?"

डॉक्टर हसला. खरंच हसला, वाईट मनानं नाही. "आजी, पेशींना कुठं गाव असतं?"

हौसाबायनं लुगडं गुडघ्यावर ओढून घेतलं. "बाटली कुटं हाय?"

बाटली त्या मुलीच्या हातात होती. ती म्हणाली, "आजी, ही पिवळ्या पिशवीत टाकायची असते. कचऱ्याची."

"नाळ? कचऱ्यात?"

मुलगी लेकुरवाळी असेल, नसेल, मला माहीत नाही. पण तिनं डॉक्टरकडं बघितलं, तो हात धूत होता, आणि तिनं ती बाटली हौसाबायच्या हातावर ठेवली. हौसाबायनं ती पदराच्या शेवाला गाठ मारून बांधली आणि उठली. मीही उठले. दंडावर कापूस तसाच.

आम्ही हॉल ओलांडून दारापर्यंत आलो तोवर मागून माईकवर आवाज आला, "शेवंताबाई, राजुरी. तुमचं रक्त तयार आहे."

मी मागं वळले नाही.

"आक्का," निमगावचे पाव्हणे हाक मारत होते, "अवो, रगात इसरलं तुमचं."

राजुरी

माझ्या घरी आलो. सुनेनं गरम बाजरीची भाकरी, पिठलं केलं, ठेचा केला. हौसाबायनं ताट बाजूला सरकवलं. पदराची गाठ एका हातात धरून ती ओसरीवर बसून राहिली.

"शेवंते," ती म्हणाली, "त्या आईला म्हाईत बी नसंल. तिला वाटत आसंल पुरली आसंल कुटंतरी. आन् ती हितं बसलीया, एका म्हातारीच्या गुडग्यात."

मी समजूत घालायला बघितलं. म्हणाले, कोकरू मेलं की आपण मेंढीला दुसरं कोकरू पाजायला लावतोच की. एकमेकींचं एकमेकींना लागतं. पण माझं मलाच पटत नव्हतं. मेंढी व्याली की तिची वार कुत्र्यानं ओढू नये म्हणून आम्ही काठी घेऊन उभं राहायचो. जनावराची ही तऱ्हा. आणि माणसाची नाळ धुराच्या टाकीत घालून लग्नाच्या हॉलमध्ये आणायची, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. अजूनही शिरलेलं नाही, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. हात लावला तर तवा. अंगात ताप. मी दत्तूला फोन केला आणि सगळं सांगितलं, नाळेचंसुद्धा.

"मावशी," तो म्हणाला, "तुला समजाव म्हनलं व्हतं. तू टोचून आनलीस."

त्यानं आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मंचर

माझ्या मुलानं पिकअपमध्ये गादी टाकली आणि आम्ही तिला मंचरला नेलं. दत्तू दवाखान्याच्या दारात उभा होता. हा खरा दवाखाना. हाडांची डॉक्टरीणबाई, चष्मा लावलेली, कमी बोलणारी. तिनं सगळं ऐकून घेतलं. नाळेचं सांगितलं तेव्हा फक्त पेन खाली ठेवलं.

गुडघ्यातून तिनं मोठी सुई लावून पाणी काढलं. गढूळ, पिवळट. तपासायला पाठवलं. पू असेल तर गुडघा उघडून धुवावा लागेल, म्हणाली. तपासणीचं कळेपर्यंत दत्तू, माझा मुलगा आणि मी बाकावर बसून होतो. पू निघाला नाही. तेवढं देवानं राखलं. सलाईनमधून औषधं सुरू झाली, ताप उतरला आणि हौसाबायनं पहिल्यांदा चहा मागितला.

मग डॉक्टरीणबाई स्टूल ओढून तिच्याजवळ बसली.

"आजी, हे जे टोचलं ते असं विकायला परवानगीच नाही. संशोधन चालतं, मोठ्या ठिकाणी, सगळी परवानगी घेऊन, आणि त्यात पेशंटकडून पैसे घेत नाहीत. अजून त्याचा पक्का गुण कुणी दाखवलेला नाही."

"आन् सोताचं रगात?" मी विचारलं. मला माझं तिथं राहिलेलं आठवत होतं.

"ते मीही कधीकधी देते. झीज कमी असेल तर काहींना काही महिने बरं वाटतं. काहींना काहीच नाही. पण झिजलेली गादी त्यानं परत उगवत नाही. कुणी तसं म्हणालं तर तिथून उठा."

"माजं तितं मशीनीत ऱ्हायलं."

ती पहिल्यांदा हसली. "तेवढं तुमचं शरीर भरून काढतं, आजी. ते मात्र खरंच स्वतःचं स्वतः."

हौसाबायनं पदराची गाठ सोडली. बाटली तिच्या हातावर ठेवली. "बाय, तुमाला वाचाया येतं. लेकराचं गाव लिव्हलंय का बगा."

डॉक्टरीणबाईनं ती बाटली उजेडात धरून फिरवून बघितली. बराच वेळ.

"नाही, आजी. गाव नाही, कुणी बनवली तेही नाही. आणि खरं सांगू का? हिच्यात नाळेचं काही होतं की नुसतं मिठाचं पाणी, तेही मी सांगू शकत नाही. असल्या ठिकाणी काहीही असू शकतं."

मला वाटलं होतं, धक्के बसायचे ते बसून झाले. पण हा सगळ्यात मोठा. तो धूर, ती टाकी, ती हातमोजे घातलेली मुलगी, आणि आत कदाचित मिठाचं पाणी. म्हणजे हौसाबाय इतके दिवस ज्या लेकरासाठी जेवली नाही, ते लेकरूच नव्हतं की काय? मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट रडू आलं.

हौसाबायनं बाटली परत घेतली आणि गाठ मारली. "आन् गुडगा?"

"गादी गेलीय ती गेली. सूज उतरली की व्यायाम शिकवते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि दाबायची. काठी डाव्या हातात धरायची, उजवा दुखतो म्हणून उजव्या हातात नाही. फारच झालं तर सांधा बदलायचं ऑपरेशन असतं, त्याचं पुढं बघू."

"चढन?"

"न बसता नाही जमणार, आजी."

दत्तू खिडकीबाहेर बघत होता. तो जिंकला होता, पण त्याच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं. मधल्या वेळात तो आळेफाट्याला जाऊन आला होता. कार्यालयात नवा मांडव घालत होते, केळीचे खुंट बांधत होते. कॅम्पवाल्यांचं कुणालाच काही ठाऊक नाही. फोन बंद. डॉक्टरीणबाईनं तक्रार कुठं करायची ते सांगितलं, ती त्यानं केली आहे. काही झालं तर तेही सांगेनच.

पुन्हा वर

सूज उतरल्यावर दत्तूनं आईचं सामान आणायचं ठरवलं. दोन लुगडी, तांब्या-पेला, देवाचा टाक. तेवढं घेऊन तिनं मंचरलाच राहायचं.

"सामान तू आन," हौसाबाय म्हणाली. "पर आदी मला एकदा वर न्हे. हे पुरायचं हाय."

"दे माज्याकडं. मी पुरतो."

"गड्याचं काम न्हाई ते. बाळातपान करनारी पुरती."

"आई, तू कुनाचं बाळातपान क्येलंस?"

"ज्याची नाळ माज्या हातात आली त्याचं."

दत्तूनं माझ्याकडं बघितलं. माझी स्वतःची नाळ त्याच बांधात.

सडक संपली तिथं गाडी थांबली. हौसाबायनं गुडघ्याला पट्टा बांधला, काठी डाव्या हातात घेतली आणि चढायला लागली. पहिल्या वळणावर बसली. पुढं चिंचेखाली बसली. मग खडकाच्या कपारीला टेकून बसली. दरवेळी पदराची गाठ चाचपून बघायची आणि उठायची. दत्तू तिच्या मागं, हात पुढं धरून, पडली तर झेलायला. मी त्याच्या मागं. वर उन्हानं पांगारा लालभडक झाला होता, कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. तिच्या बसण्या-उठण्याकडंच आमचे डोळे.

वर पोचल्यावर दत्तू म्हणाला, "बसत बसत आलीस की."

"आली का न्हाई पर?"

खाचर या दिवसांत कोरडं असतं. तिनं विळ्यानं बांधात हातभर खड्डा केला, माझ्या जागेच्या शेजारीच. ती जागा ती डोळे मिटून सांगेल. बाटली ठेवली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठभर भात टाकला, पाणी सोडलं.

"आई," दत्तू हळू म्हणाला, "त्यात मिठाचं पानी व्हतं म्हनल्या त्या."

"म्हाईत न्हाई म्हनल्या."

"मंग?"

"मंग काय. पानी असंल तर माती पिऊन टाकील. आन् नसंल तर?"

तिनं माती ओढली, वर दगड ठेवला आणि काठीवर जोर देऊन उठली. उठताना गुडघा वाजला, तो आम्हा तिघांना ऐकू आला.

घरी आल्यावर ती उंबऱ्यावर बसली. दत्तूनं आत जाऊन गाठोडं बांधलं, बाहेर आणून ठेवलं. मला वाटलं, आता ती उठणार आणि दाराला कडी लावणार.

"चल आई," तो म्हणाला.

"कुटं?"

"ठरलं व्हतं ना."

हौसाबाय बांधाकडं बघत होती. "आता दिवाळीला एक पनती वाढली, दत्तू. तुजी, हिची, आन् त्याची. आन् त्याची आय कंदी इचारत आली तर? दाराला कुलूप बगून माघारी जायची का ती?"

दत्तू गाठोड्याकडं बघत उभा राहिला. मला वाटलं रागावला. मग त्यानं गाठोडं परत आत नेऊन ठेवलं, मागच्या अंगाला गेला आणि पहार घेऊन बाहेर आला. आमच्याकडं न बघता चढणीकडं गेला. थोड्या वेळानं खालून खडकावर लोखंडाचा आवाज यायला लागला. हौसाबायनं मान कलती करून ऐकलं.

"काय करतंय ते?" तिनं विचारलं.

मी कडेला जाऊन बघितलं. ती जिथं जिथं बसली होती, त्या त्या जागी तो बसण्याजोगे दगड लावत होता.

दिवस कलायच्या आत मी उतरायला निघाले. पहिला दगड आला, त्यावर टेकले. दगड हलत होता. मी दत्तूला तसं सांगितलं.

"ऊठ मावशी," तो म्हणाला. "पाचर मारतो."